जावाला आरएक्सचं इग्निशन बसतं का? वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या वेळी चार प्रश्न घेतलेत. गाड्या वेगवेगळ्या आहेत पण विचारलंय एकच, की एका गाडीचा पार्ट दुसरीला लावला तर चालेल का. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या कामात लोक जुने क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) कायमचे खराब करून बसतात, आणि ते मला बघवत नाही.

प्रश्न : काका नमस्कार. वडिलांची १९६८ ची जावा २५० आहे, ६ व्होल्ट डायनॅमो, पॉइंटवाली. पॉइंट सारखे काळे पडतात, गॅप सेट केला की दोन-तीनशे किलोमीटरमध्ये परत हललेला असतो. आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो यामाहा आरएक्स १०० चं मॅग्नेट, कॉईल प्लेट आणि सीडीआय (पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) टाकून दे, विषय संपला. भंगारात निघालेल्या आरएक्सचा पूर्ण सेट माझ्याकडे पडून आहे. बसेल का?
एक वाचक, सातारा

बसवता येतो. पण तुम्ही ज्या कारणासाठी बसवताय ते कारण इग्निशनमध्ये आहेच असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही, म्हणून आधी ते बघू.

गॅप सारखा हलतोय म्हणजे काय ते समजून घ्या. पॉइंट म्हणजे स्पार्कच्या वेळी उघडणारा छोटा स्विच, आणि तो पूर्ण उघडल्यावरचं अंतर म्हणजे गॅप. जावात डायनॅमोचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) थेट क्रँकच्या उजव्या टोकावर बसतं आणि पॉइंट उघडणारा कॅम त्याच्याच टोकाला असतो. म्हणजे क्रँकचं उजवं मेन बेअरिंग ढिलं झालं की कॅम पण वर-खाली नाचणार. पॉइंटचा गॅप असतो ०.४ मिमी. त्यात क्रँक ०.१ मिमी जरी उचलला गेला तरी गॅपचा चौथा हिस्सा गेला, आणि गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, पण बदलते. मग तुम्ही रविवारी फिलर गेज घेऊन कितीही जीव ओतून सेटिंग करा, सोमवारी गाडी तिला हवं तेच करणार.

तपासायचं असं की उजवं कव्हर काढा, कॅम फिरवून पॉइंट पूर्ण उघडे करा, गॅप मोजा, मग आर्मेचर हाताने घट्ट धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवत परत मोजा. आकडा बदलला तर दुखणं बेअरिंगचं आहे. आकडा बदलत नसेल तर आर्मेचर टेपरवर, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या टोकावर, सरळ बसलंय का ते बघा, पुष्कळदा टेपरवर गंज किंवा जुन्या ग्रीसचा थर असतो आणि आर्मेचर तिरकं फिरतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे डायनॅमोच्या मागचं ऑईल सील. ते गेलं की क्रँककेसमधलं पेट्रोल-ऑईल बाहेर येऊन पॉइंटवर बसतं, पॉइंट काळे पडतात, शिवाय तिथूनच इंजिन बाहेरची हवा ओढतं आणि मिक्श्चर पातळ होतं, गाडी गरम झाली की मिसिंग करते, आयडलला स्थिर राहत नाही. हे सगळं ऐकायला इग्निशनचं दुखणं वाटतं पण नसतं, दोनशे-तीनशे रुपयाच्या सीलचं काम असतं (अर्थात मजुरी वेगळी, कारण त्यासाठी आर्मेचर उतरवायला लागतं). आर्मेचर उतरवताना पुलरच वापरा, हातोडा नको. जावाचा क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, टोकावर दोन ठोके बसले तरी तो लाइनमधून जातो आणि मग गाडी थरथरते ती कायमचीच.

पॉइंट नुसते काळे नाही तर जळून खड्डे पडत असतील तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा) बदलून बघा. संध्याकाळी थोड्या अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे बघा, तिथे मोठी निळी-पांढरी ठिणगी उडत असेल आणि प्लगला मात्र पिवळा मरतुकडा करंट असेल तर कंडेन्सर गेलाय. आजकाल पाकिटातून निघालेला नवीन कंडेन्सर पण खराब निघतो, तेव्हा नवीन आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

हे सगळं करूनही तुम्हाला सीडीआयच हवी असेल तर आता आरएक्सच्या सेटबद्दल.

पहिला प्रश्न टेपरचा. दोन्ही क्रँकच्या टोकाला निमुळता टेपर आहे म्हणून मॅग्नेट बसेल असं होत नाही. टेपरचा मोठा व्यास, लांबी आणि कोन, तिन्ही जुळायला लागतात. आरएक्सचं मॅग्नेट जावाच्या टेपरवर ठेवून हाताला घट्ट वाटलं तरी फसू नका. मार्करने टेपरवर तीन-चार उभ्या रेघा मारा, मॅग्नेट दाबून थोडं फिरवा, काढा आणि बघा. रेघा पूर्ण लांबीवर पुसल्या गेल्या पाहिजेत. फक्त एका कडेलाच पुसल्या असतील तर कोन जुळत नाही, अशा वेळी सगळा भार त्या छोट्या अर्धगोल चावीवर येतो, आणि ती चावी भार घ्यायला नसतेच, ती फक्त जागा दाखवायला असते. पकड टेपरची असते. चावी तुटली की चालत्या गाडीत टायमिंग भलतीकडे जातं आणि टेपरची साल निघते.

कोन जुळत नसेल तर काही लेथवाले क्रँकचा टेपर घासून देतो म्हणतात. हात जोडून सांगतो, ते करू देऊ नका. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, चांगल्या मूळ क्रँकची संख्या आता फक्त कमीच होणार आहे. बदल करायचा तो आरएक्सच्या मॅग्नेटमध्ये करा, म्हणजे त्याचा मधला बॉस (टेपरवर बसणारा गोल तुकडा) काढून जावाच्या टेपरला जुळणारा नवीन बॉस टर्न करून रिव्हेट करा. तो बॉस मॅग्नेटच्या बाहेरच्या रिमशी एकदम केंद्रात पाहिजे. डायल गेज लावून फिरवा, काटा ०.१ मिमीपेक्षा जास्त हलला तर ते मॅग्नेट मी तरी माझ्या गाडीवर लावणार नाही.

कॉईल प्लेटसाठी ऍल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट लागते. ती जावाच्या डायनॅमोच्या खाचेत फिट बसेल अशी टर्न केलेली हवी, नुसत्या स्क्रूच्या भोकांच्या भरवशावर नको, कारण भोकात स्क्रूला जागा असते आणि प्लेट अर्धा मिमी सरकली की मॅग्नेट कॉईलला घासतं.

आता जी गोष्ट मिस्त्री लोक बहुतेक वेळा विसरतात ती. आरएक्सचं मॅग्नेट गाडीच्या डाव्या बाजूला असतं, जावाचा डायनॅमो उजव्या. दोन्ही इंजिनं पुढच्या दिशेलाच फिरतात. म्हणजे मॅग्नेटकडे तोंड करून बघितलं तर आरएक्सचं घड्याळाच्या उलट फिरतं आणि तेच मॅग्नेट जावावर बसवलं की घड्याळाच्या दिशेने फिरायला लागतं. पिकअप कॉईलसमोरून (सीडीआयला स्पार्कची वेळ सांगणारी छोटी कॉईल) मॅग्नेटवरची ट्रिगरची पट्टी जाते तेव्हा तिच्या एका कडेला प्लस आणि दुसऱ्या कडेला मायनस पल्स तयार होतो, आणि सीडीआय त्यातल्या एकालाच ओळखते. दिशा उलटली की ती भलत्याच कडेला स्पार्क देते, म्हणजे जवळजवळ पट्टीच्या रुंदीएवढं टायमिंग मागे-पुढे. गाडी चालू होते, म्हणून सगळे खुश, आणि मग महिन्याभरात पिस्टन घेऊन येतात. पिकअपच्या दोन्ही वायर सुट्या असतील तर त्या अदलाबदल करून बघता येतं, एक टोक प्लेटलाच अर्थ केलेलं असेल तर ते सोडवून वेगळी वायर काढायला लागते. पण काहीही केलं तरी टायमिंग लाईट लावून प्रत्यक्ष स्पार्क कुठे पडतोय ते बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आरएक्सच्या मॅग्नेटवरच्या मूळ खुणा इथे काहीच कामाच्या नाहीत, त्या पुसून टाका आणि नवीन मारा.

नवीन खूण मारताना आरएक्सचा मिमीचा आकडा जावाला लावायचा नाही. आरएक्सचा स्ट्रोक ५० मिमी आहे, जावाचा ७५. समजा पिस्टन वरच्या टोकाच्या ३ मिमी आधी असताना स्पार्क द्यायचाय. कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या साधारण दुप्पट धरला तर ५० च्या स्ट्रोकला हे साधारण २५ अंश होतात आणि ७५ च्या स्ट्रोकला २० ते २१ अंश. हाच फरक टू-स्ट्रोकमध्ये चांगली चालणारी गाडी आणि भोक पडलेला पिस्टन यांच्यातला फरक ठरू शकतो. म्हणून आकडा जावाच्याच मॅन्युअलमधला घ्या आणि डायल गेजने पिस्टनवर मोजा. प्लगचं भोक तिरकं असेल तर डायल गेज खोटं वाचतो, मग हेड उतरवा किंवा क्रँकवर डिग्रीची चकती लावा. चकती लावली तर वरचं टोक अंदाजाने धरू नका, पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा अडसर) लावून दोन्ही बाजूंनी इंजिन टेकवायचं, दोन आकडे लिहायचे आणि त्यांचा मध्य घ्यायचा.

आणि लाईटचं विसरू नका. डायनॅमो गेला म्हणजे चार्जिंग पण गेलं. जुना रेग्युलेटर पूर्ण सोडवायला लागेल, आरएक्सच्या लायटिंग कॉईलमधून येतो तो एसी, तो बॅटरीत घालायला रेग्युलेटर-रेक्टिफायर लागेल, बल्ब आणि हॉर्न त्या व्होल्टेजचे लागतील. मिस्त्रीने सांगितलेल्या "विषय संपला" मध्ये हे धरलेलं नसतं.

माझ्यावर सोडलंत तर मी बेअरिंग आणि सील करून मूळ पॉइंटच ठेवेन. साठ वर्षांपूर्वी या गाड्या त्याच पॉइंटवर घाट चढत होत्या. रोज चालवायची आहे आणि उजेड पण चांगला हवाय असं असेल तर जावासाठीच बनवलेलं तयार किट घ्या, चेक प्रजासत्ताकातल्या वापे कंपनीच्या पार्टवरची अशी किट मिळतात. ती महाग आहेत हे खरं, पण रोटरचा टेपर, दिशा आणि टायमिंग तुमच्या इंजिनाला जुळवूनच दिलेलं असतं. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी वडिलांच्या गाडीचा मूळ डायनॅमो तेलाच्या फडक्यात गुंडाळून, डब्यावर नाव लिहून ठेवा. विकू नका.

प्रश्न : माझी येझदी रोडकिंग ६ व्होल्ट पॉइंटवाली आहे. इग्निशन कॉईल गेली. घरात स्प्लेंडरची कॉईल आहे, नवीकोरी. लावू का? मित्र म्हणतो कॉईल ती कॉईल.
एक वाचक, नाशिक

नका लावू. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात पण काम करायची पद्धत वेगळी आहे.

पॉइंटच्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉईलमध्ये जमा होत राहतो आणि पॉइंट उघडले की तो तुटून प्लगला झटका बसतो. त्यासाठी आतल्या प्रायमरी वाइंडिंगला पुरेसा रेझिस्टन्स लागतो, ६ व्होल्टच्या कॉईलला साधारण १ ते दीड ओहम, १२ व्होल्टच्याला ३ ते ४. सीडीआयमध्ये करंट आधी डब्यातल्या कपॅसिटरमध्ये भरतो, शंभराच्या वर व्होल्टला, आणि मग एका दणक्यात कॉईलमध्ये सोडला जातो. तिथे कॉईलने साठवायचं काहीच नसतं, म्हणून तिचा प्रायमरी रेझिस्टन्स एका ओहमच्या पण खाली असतो. समजा ०.४ ओहम आहे. ६ व्होल्टवर पॉइंटमधून १५ अँपिअर जाणार. मूळ कॉईलला ४ ते ६ जातात.

हे मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईकाची गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची म्हणून मी अशीच कॉईल लावली होती. गाडी चालू झाली, मी चावी चालू ठेवून चहाला गेलो, इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले. परत आलो तर कॉईल हात लावता येणार नाही इतकी तापलेली, पॉइंटची पत्ती निळी पडलेली आणि वायरिंगचं प्लास्टिक मऊ झालेलं. त्या माणसाला पूर्ण वायरिंग माझ्या खर्चाने करून दिलं आणि तेव्हापासून कोणतीही कॉईल मल्टीमीटर लावल्याशिवाय गाडीला लावत नाही.

उलटं पण सांगतो. १२ व्होल्टची पॉइंटवाली कॉईल ६ व्होल्टच्या गाडीला लावली तर काही जळणार नाही, पण तिला १२ व्होल्टवर मिळतो त्याच्या निम्माच करंट मिळतो आणि स्पार्कची ताकद करंटच्या वर्गावर जाते, म्हणजे जवळपास पाव. थंडीत किक मारून पाय भरून येईल. तुम्हाला ६ व्होल्टची पॉइंटवाली कॉईल हवीय, मग ती जावाची असो, जुन्या ६ व्होल्ट बुलेटची असो, चालेल. पुण्यात नाना पेठेत विचारा, नाहीतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मल्टीमीटर खिशात घालून जा.

आणि कोणी म्हणालं की मग स्प्लेंडरचा सीडीआयचा डबा पण लावू, म्हणजे सेट पूर्ण होईल, तर ते पण नको. चार स्ट्रोकच्या डब्यात वेग वाढला की ऍडव्हान्स वाढत जातो. तुमची टू-स्ट्रोक आयडलला बरोबर लावली तर वरच्या वेगाला स्पार्क फार लवकर पडेल, आणि पिस्टनला भोक पडतं ते असंच, मोकळ्या हायवेवर, सगळं छान चाललंय असं वाटत असताना.

प्रश्न : १९८४ ची बुलेट ३५०. डिस्ट्रिब्यूटर झिजला म्हणून दुसऱ्या बुलेटचा जुना डिस्ट्रिब्यूटर आणून लावला. तेव्हापासून किक उलटी मारते, एकदा घोटा सुजला. टायमिंग दोनदा लावून घेतलं. एकाने सांगितलं आत फियाटच्या डिस्ट्रिब्यूटरच्या स्प्रिंग टाका, कडक असतात. टाकू का?
एक वाचक, कोल्हापूर

आधी घोट्याची काळजी घ्या, आणि हे दुरुस्त होईपर्यंत किक मारू नका.

डिस्ट्रिब्यूटर बुलेटचाच आहे त्यामुळे तो बसणं वगैरे प्रश्न नाही. दुखणं बहुतेक पॉइंटच्या प्लेटखाली आहे. तिथे दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंग असतात, इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात, तो ऑटो ऍडव्हान्स. वेग कमी झाला की स्प्रिंगने कॅम मागे यायला पाहिजे. जुन्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये स्प्रिंग सैल झालेली असते किंवा ग्रीस वाळून वजनं बाहेरच अडकलेली असतात. म्हणजे किक मारतानाच पूर्ण ऍडव्हान्स, पिस्टन वर पोचायच्या खूप आधी स्पार्क, आणि तो पिस्टन उलटा तुमच्या पायावर. हाताने कॅम फिरवून सोडा. टपकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळत आला किंवा आलाच नाही तर सगळं खोला, रॉकेलने धुवा, पिनांवर पातळ तेलाचा एक थेंब द्या आणि बुलेटच्याच नवीन स्प्रिंग टाका.

फियाटच्या नाही. कारच्या स्प्रिंग तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी, तिच्या वजनांसाठी आणि तिच्या वेगासाठी काढलेल्या असतात. त्या इथे इतक्या कडक पडतील की ऍडव्हान्स उशिरा येईल किंवा येणारच नाही, मग गाडी किक मारत नाही पण ओढत पण नाही, तापते, सायलेन्सर निळा पडतो, आणि तुम्ही कार्बोरेटर उघडून बसाल.

आता टायमिंग. बुलेटचा आकडा वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी, आणि तो ऍडव्हान्स पूर्ण मागे असतानाचा. माझा अंदाज आहे की तुमचं टायमिंग दोन्ही वेळा वजनं बाहेर अडकलेली असताना लावलंय किंवा लावणाऱ्याने नुसत्या कानाने लावलंय. आधी पॉइंट गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करा, गॅप नंतर बदलला तर टायमिंग परत लावायला लागतं. मग कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना बघा. थोडं मागे घेऊन परत पुढच्याच दिशेने ०.८ वर या, म्हणजे गियरमधली ढिलाई निघून जाते. चावी चालू करून डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवा आणि हेडलाईटच्या वरचा अँमीटर बघा, पॉइंट उघडले की डिस्चार्ज दाखवणारा काटा मधे येतो. तिथेच घट्ट करा. काटा मेला असेल तर सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ प्लास्टिकचा कागद पॉइंटमध्ये धरा, तो ज्या क्षणी सुटतो तीच जागा.

एक ध्यानात ठेवा, बुलेटचा डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. हाताने तो १ अंश हलवलात तर इंजिनाला २ अंश फरक पडतो. म्हणून इथे अगदी केसभर हलवायचं असतं, ठोकून नाही.

प्रश्न : राजदूत ३५० आहे, दोन पॉइंट जुळवून वैताग आलाय. आरएक्सची सीडीआय टाकली तर एकाच पिकअपवर दोन्ही सिलिंडर चालतील ना?
एक वाचक, मडगाव

नाही चालणार. राजदूत ३५० चे दोन पिस्टन एकमेकांच्या उलट चालतात, एक वर तर दुसरा खाली, त्यामुळे एका फेरीत १८० अंशांवर दोन स्पार्क लागतात. आरएक्सचं पिकअप एका फेरीत एकच देतं. दोन पिकअप बरोबर समोरासमोर, दोन डबे आणि दोन कॉईल असं करणारे लोक आहेत, पण मग डाव्या-उजव्याचं जुळवणं गेलं कुठे, ते पॉइंटवरून पिकअपवर आलं एवढंच. शिवाय तुमच्या गाडीच्या मूळ रोटरमध्ये कायमचं चुंबक नसतं, बॅटरीच्या करंटवर ते तयार होतं, म्हणून तर बॅटरी झोपली की ती गाडी नखरे करते. तिथे आरएक्सचं मॅग्नेट घालायचं म्हणजे साताऱ्याच्या वाचकांना सांगितलेलं टेपरचं सगळं प्रकरण तुम्हालाही करायला लागेल. दिशेचं तेवढं सुटेल, कारण दोन्ही गाड्यांचं ते टोक डावीकडेच आहे.

तुम्ही दोन्ही पॉइंट आणि दोन्ही कंडेन्सर एकाच वेळी, एकाच कंपनीचे नवीन टाका. एक जुना एक नवा असं केलं की जुळवणं कधीच टिकत नाही. नंतर दोन्ही सिलिंडरला डायल गेज लावून वेगवेगळं मोजा, एका बाजूचं बघून दुसरं तसंच असेल असं धरू नका. या गाडीत पिस्टन जातो तो नेहमी ज्या बाजूचं टायमिंग कोणी मोजलेलं नसतं त्या बाजूचा. मोजून झाल्यावर प्लेटच्या स्क्रूंवर रंगाचा ठिपका द्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर कव्हर उघडून ते ठिपके जागेवर आहेत का तेवढं बघा.